पांढऱ्या पेशी भरपूर, तरी न्युमोनिया का?

वाचकांचे प्रश्न : किडनीचे आजार

प्रश्न : माझे वडील ६२ वर्षांचे आहेत. मधुमेहामुळे किडन्या गेल्या, आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालतं. आधी त्यांना न्युमोनिया झाला, आता मानेतल्या कॅथेटरला जंतुसंसर्ग झाला. पहिल्या वेळी सीबीसीत पांढऱ्या पेशी ९ हजार होत्या, दुसऱ्या वेळी १३ हजार. डॉक्टर म्हणाले, 'या आजारात प्रतिकारशक्ती कमीच असते.' पेशी कमी नाहीत, उलट वाढल्या, मग शक्ती कमी कशी? माझ्या भावाने वाचलं की हाडांतून एफजीएफ-२३ नावाचं प्रथिन येतं आणि ते पांढऱ्या पेशी निकामी करतं. हे खरं आहे का? हाडांचा आणि न्युमोनियाचा काय संबंध? — एक मुलगी

उत्तर : भावाने वाचलेलं बरंचसं खरं आहे. 'निकामी करतं' हे मात्र जरा जास्त झालं. पेशी जिवंत असतात, सूक्ष्मदर्शकाखाली धडधाकट दिसतात. त्यांना रक्तातून बाहेर पडणं नीट जमत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

सीबीसीचा आकडा एवढंच सांगतो की रक्तातून किती पेशी फिरताहेत. न्युमोनियाचे जंतू बसलेले असतात फुप्फुसाच्या वायुकोशांत. पांढऱ्या पेशींतला सगळ्यात मोठा गट न्यूट्रोफिलांचा, साधारणपणे निम्म्याहून अधिक. जंतूंवर सर्वांत आधी धावून जायचं काम त्यांचं. पण त्यासाठी वाहत्या रक्तात आधी थांबावं लागतं, मग रक्तवाहिनीची भिंत ओलांडावी लागते. जिथे संसर्ग झाला असेल तिथल्या रक्तवाहिनीच्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रथिनं उगवतात. त्यांना अडखळत न्यूट्रोफिल अस्तरावरून घरंगळू लागते. तेवढ्यात तिला केमोकाइन नावाचे रासायनिक इशारे मिळतात, आणि तिच्या पृष्ठभागावरची इंटिग्रिन ही प्रथिनं आकार बदलून ताठ होतात व अस्तराला घट्ट धरतात. पेशी थांबते, चपटी होते, अस्तरातल्या फटीतून पलीकडे सरकते.

आता अशी कल्पना करा की इंटिग्रिन ताठच झाली नाहीत. पुरात वाहणाऱ्या माणसाचे हात काठावरच्या वेलींना घासत जावेत, पण मूठ वळू नये, तशी पेशीची गत होते. घरंगळते आणि पुढे वाहून जाते. अशा पेशीही तुमच्या वडिलांच्या सीबीसीत मोजल्या जाणार, कारण त्या रक्तातच आहेत.

मूठ का वळत नाही, याचं एक उत्तर हाडांत सापडलं. एफजीएफ-२३ हे २५१ अमिनो आम्लांच्या साखळीच्या रूपात तयार होणारं प्रथिन, आणि ते बनवतात मुख्यतः हाडांच्या आत रुतून बसलेल्या ऑस्टिओसाइट पेशी. एफजीएफ घराण्यातली बहुतेक प्रथिनं जिथे तयार होतात तिथल्या शेजारीपाजारी पेशींवर काम करतात. १९, २१ आणि २३ या क्रमांकांची तीन मात्र रक्तात उतरून दूरच्या अवयवांना हुकूम सोडतात, म्हणून त्यांना संप्रेरकांच्या पंगतीत बसवलं जातं. २३ क्रमांकाचं जनुक २००० साली उजेडात आलं, तेही अशा कुटुंबांच्या अभ्यासातून ज्यांच्यात फॉस्फेट लघवीवाटे वाहून जाऊन हाडं मऊ पडण्याचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता.

यावरून त्याचं मूळ काम कळतं. शरीरात फॉस्फेट जास्त झालं की हाडं एफजीएफ-२३ सोडतात, ते मूत्रपिंडाला सांगतं, 'फॉस्फेट बाहेर टाक.' जोडीला ते ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप, म्हणजे कॅल्सिट्रायॉल, कमी करतं, म्हणजे आतड्यातून फॉस्फेट शोषलंही कमी जातं. हा हुकूम नीट ऐकू येण्यासाठी मूत्रपिंडाच्या पेशींवर क्लोथो नावाचं आणखी एक प्रथिन लागतं. ते १९९७ साली जपानी संशोधकांना अकाली म्हाताऱ्या होणाऱ्या उंदरांत सापडलं होतं. निरोगी मूत्रपिंडात क्लोथो भरपूर असतं, त्यामुळे थोड्याशा एफजीएफ-२३ मध्ये काम भागतं.

किडनी झिजू लागली की गाळण्या कमी होतात आणि क्लोथोही घटतं. हाडं मग तोच हुकूम अधिकाधिक मोठ्याने देऊ लागतात. किडनीच्या आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यांत रक्तातलं फॉस्फरस, म्हणजे तपासणीच्या कागदावरचं हेच फॉस्फेट, बरीच वर्षं नॉर्मल राहतं ते या ओरडण्याच्या जोरावर. फॉस्फरस वाढण्याच्या आधी, पॅराथायरॉइड संप्रेरक वाढण्याच्याही आधी, एफजीएफ-२३ वाढलेलं असतं. डायलिसिसपर्यंत पोचलेल्या माणसात त्याची पातळी निरोगी माणसाच्या शेकडो पट, कधीकधी हजार पट झालेली आढळते. किडनी तर आता ऐकतच नाही, पण एवढ्या प्रचंड पातळीला हे प्रथिन इतर अवयवांच्या अशा ग्राहकांनाही (म्हणजे पेशीवर बसून रासायनिक निरोप झेलणाऱ्या प्रथिनांनाही) जाऊन चिकटतं जिथे एरवी त्याचा काही परिणाम होत नसे. हृदयाचा स्नायू त्यामुळे जाड होतो, हे २०११ साली दाखवलं गेलं. आणि २०१६ साली जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या संशोधकांनी न्यूट्रोफिलांचा मुद्दा मांडला.

त्यांनी किडनी निकामी केलेल्या उंदरांच्या रक्तवाहिन्यांत जिवंतपणी, सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचा प्रवास पाहिला. केमोकाइनचा इशारा मिळूनही पेशी अस्तरावर थांबत नव्हत्या. एफजीएफ-२३ न्यूट्रोफिलवरच्या एफजीएफआर-२ या ग्राहकाला चिकटतं, पेशीच्या आत प्रोटीन कायनेज ए हे विकर (एन्झाइम) जागं करतं, त्यामुळे रॅप-१ नावाची कळ दाबली जात नाही, आणि ही कळ दाबल्याशिवाय इंटिग्रिन ताठ होत नाहीत. उंदरांतलं एफजीएफ-२३ प्रतिपिंडाने (अँटिबॉडीने) निष्प्रभ केलं, तेव्हा पेशी पुन्हा थांबू लागल्या आणि जंतूंशी लढण्याची ताकद परतली. माणसांच्या पेशींवर प्रयोगशाळेतही तसाच परिणाम दिसला.

मला हे संशोधन मोलाचं वाटतं ते एका जुन्या कोड्यामुळे. डायलिसिसवरच्या रुग्णाला गंभीर संसर्ग असतो, पण ताप जेमतेम, लाली जेमतेम, पू जेमतेम. नातेवाईक म्हणतात, 'काल तर बरे होते.' दाह दिसायला पेशी तिथे पोचाव्या लागतात. त्या पोचल्याच नाहीत तर लक्षणंही दबकत येतात.

न्यूट्रोफिलांपाशीच गोष्ट संपत नाही. मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी स्वतःपुरतं कॅल्सिट्रायॉल स्वतःच बनवतात आणि त्याच्या मदतीने कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक प्रथिन तयार करतात. २०१३ सालच्या एका अभ्यासात एफजीएफ-२३ ने या पेशींमधली ही कॅल्सिट्रायॉलची निर्मिती दाबलेली दिसली. म्हणजे एका पेशीला थांबता येत नाही, दुसरीचं हत्यार बोथट. शिवाय यकृतावर याच प्रथिनाचा परिणाम उलट दिशेने होतो, तिथे ते दाह वाढवणारे पदार्थ तयार करायला लावतं. तुमच्या वडिलांचं सीआरपी, म्हणजे रक्तातलं दाहाचं माप, संसर्ग नसतानाही थोडं चढलेलं असतं का, पाहा. बऱ्याच डायलिसिस रुग्णांत ते तसं असतं, आणि त्यामागच्या अनेक कारणांत हेही एक असू शकतं. दाह आणि लोहाची कमतरता या दोन्हींमुळे एफजीएफ-२३ आणखी वाढतं, त्यामुळे हे चक्र स्वतःलाच रेटत राहतं.

एवढं सगळं सांगून झाल्यावर एक गोष्ट स्पष्ट सांगते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत माझा पहिला संशय एफजीएफ-२३ वर नाही, कॅथेटरवर आहे. कातडीतून थेट मोठ्या शिरेत गेलेली नळी म्हणजे जंतूंना उघडं दार. मधुमेहात वाढलेली साखर न्यूट्रोफिलांना वेगळी मंद करते. रक्तात साठणारी टाकाऊ द्रव्यं आहेत, वय आहे, कमी झालेलं वजन असेल तर तेही आहे. हाडातलं प्रथिन या टोळीतला एक, आणि आज त्यालाच पकडून आपल्या हाती फारसं काही लागत नाही.

म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढं विचारा : फिस्टुला कधी करता येईल? हातातली रोहिणी आणि शीर जोडून केलेल्या फिस्टुलाला संसर्गाचा धोका कॅथेटरपेक्षा खूपच कमी असतो. ती वापरण्याजोगी व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात, म्हणून विषय लांबवू नका. तोवर कॅथेटरची टोकं उघडताना वडिलांच्या आणि नर्सच्या, दोघांच्या तोंडावर मास्क हवाच, आणि ती टोकं डायलिसिस सोडून दुसऱ्या कशासाठीही, अगदी 'फक्त रक्त काढायचंय' म्हणूनही, उघडू देऊ नका. या रुग्णांचं शरीराचं तापमान मुळातच थोडं कमी असतं. त्यामुळे ९९.५ फॅरनहाइटला 'किरकोळ आहे' म्हणू नका, आणि डायलिसिस चालू असताना थंडी वाजून आली तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर घेतलं का, ते विचारा. नर्सला राग आला तरी विचारा.

प्रश्न : मी फार्मसीचा विद्यार्थी आहे. एफजीएफ-२३ ला अडवणारं ब्युरोसुमॅब हे इंजेक्शन बाजारात आहे. किडनीच्या रुग्णांत हे प्रथिन इतकं वाढतं आणि इतकं नुकसान करतं, तर ते इंजेक्शन त्यांना का देत नाहीत?

उत्तर : चांगला प्रश्न, आणि तुमच्याआधी तो संशोधकांनाही पडला होता. २०१२ साली किडनीविकार असलेल्या उंदीरवर्गीय प्राण्यांना, म्हणजे रॅटना, एफजीएफ-२३ निष्प्रभ करणारं प्रतिपिंड दिलं गेलं. पॅराथायरॉइड संप्रेरकाचं प्रमाण सुधारलं, कॅल्सिट्रायॉल वाढलं, कागदावर सगळं छान. पण फॉस्फेट चढलं, महारोहिणीत कॅल्शियमचे थर बसले, आणि प्रतिपिंड दिलेले प्राणी जास्त मेले.

कारण आधीच्या उत्तरात आहे. ते ओरडणं हा फॉस्फेट आवरण्याचा शेवटचा उपाय होता, तो काढून घेतला की फॉस्फेटला मोकळं रान. त्या प्राण्यांत किडनीचं थोडं काम शिल्लक होतं, म्हणून हुकूम बंद झाल्याचा फटका बसला. ब्युरोसुमॅब २०१८ साली मान्य झालं ते एक्स-लिंक्ड हायपोफॉस्फटेमिया या अगदी वेगळ्या आनुवंशिक आजारासाठी, ज्यात एफजीएफ-२३ विनाकारण वाढून फॉस्फेट वाया जातं. किडनीचं काम फार कमी झालेल्यांना ते देऊ नये, असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं.

तुम्ही विद्यार्थी आहात म्हणून पुढचा धागा देते. सगळं प्रथिन पुसून टाकण्याऐवजी एकच ग्राहक अडवला तर? हृदयासाठी एफजीएफआर-४, न्यूट्रोफिलांसाठी एफजीएफआर-२, आणि मूत्रपिंडातलं क्लोथोसोबतचं काम तसंच चालू. प्राण्यांत या दिशेने प्रयोग झाले आहेत. पण एफजीएफआर-२ शरीरात बऱ्याच ठिकाणी असतो, तेव्हा नेमकं न्यूट्रोफिलवरच औषध कसं पोचवायचं, हा प्रश्न तुमच्या पिढीने सोडवायचा. आज वापरातल्या औषधांपैकी सिनाकॅल्सेट (पॅराथायरॉइड संप्रेरक कमी करणारं औषध) आणि फॉस्फेट बांधणाऱ्या काही गोळ्या एफजीएफ-२३ खाली आणतात, सक्रिय ड जीवनसत्त्व ते वर नेतं. म्हणून ड जीवनसत्त्व वाईट ठरत नाही. एका आकड्याच्या मागे लागलं की औषधोपचार कसा फसतो, ते या रॅटनी दाखवून दिलं आहे.

प्रश्न : किडनीचा आजार तिसऱ्या टप्प्यात आहे, क्रिएटिनिन १.९, फॉस्फरस नॉर्मल. एका लॅबच्या यादीत एफजीएफ-२३ ची तपासणी दिसली. करून घेऊ का?

उत्तर : नको. तुमच्या टप्प्यात ते वाढलेलं असणार, हे तपासणी न करताच सांगते. किती वाढलं ते कळल्याने तुमच्या उपचारात एकही गोळी बदलणार नाही. शिवाय तपासणीच्या दोन पद्धती आहेत, एक अखंड प्रथिन मोजते आणि दुसरी त्याचे तुकडेही धरते. दोन्हींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. लोह कमी असेल तर दुसऱ्या पद्धतीत आकडा उगाच भयानक दिसतो. २००८ साली डायलिसिस सुरू करणाऱ्या रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात जास्त एफजीएफ-२३ असणाऱ्यांत पहिल्या वर्षातले मृत्यू जास्त आढळले, हे खरं. मोठ्या समूहाबद्दल बोलायला ही तपासणी उपयोगी पडते, एकट्या तुमच्याबद्दल काही ठरवायला नाही.

पैसे वाचवून हे करा : पाकिटावरची घटकद्रव्यांची यादी वाचा. 'फॉस्फेट' किंवा 'फॉस्फोरिक' असा शब्द दिसला की ते पाकीट परत ठेवा. टिकण्यासाठी मिसळलेलं हे फॉस्फेट जवळजवळ सगळं शोषलं जातं, धान्य-कडधान्यातलं त्यामानाने बरंच कमी. लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तदाब यांवर लक्ष ठेवा. गुडघे दुखतात म्हणून वेदनाशामक गोळ्या परस्पर घेणारे खूप भेटतात, ते करू नका.

प्रश्न : डायलिसिसवर आहे. हिपॅटायटिस बी ची लस पूर्ण घेतली, तरी अँटिबॉडी आलीच नाही. पुन्हा सुया टोचून घेण्यात अर्थ आहे का? लस नकली तर नसेल?

उत्तर : लस नकली असण्याची शक्यता मी सर्वांत शेवटी धरेन. निरोगी तरुण प्रौढांत नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना ही लस लागू पडते, डायलिसिसवर हे प्रमाण बरंच खाली येतं. इथे मुख्य अडचण न्यूट्रोफिलांची नसून टी आणि बी या दुसऱ्या पांढऱ्या पेशींची आहे. किडनीविकारात अननुभवी, नवं शिकू शकणाऱ्या टी पेशी कमी होतात आणि थकलेल्या पेशींचं प्रमाण वाढतं. वयाच्या मानाने रोगप्रतिकार यंत्रणा आधीच म्हातारी झालेली असते. त्यात एफजीएफ-२३ चा वाटा किती, यावर मी काही ठोकून देणार नाही.

आधी आपल्या फाइलमध्ये डोस पाहा. डायलिसिसच्या रुग्णाला एका वेळी ४० मायक्रोग्रॅम, म्हणजे नेहमीच्या प्रौढ डोसच्या दुप्पट, द्यायचा असतो, आणि नेहमीच्या लसीचं वेळापत्रक चार डोसांचं असतं : सुरुवातीला, मग १, २ आणि ६ महिन्यांनी. दंडाच्या स्नायूत टोचायची, नितंबात नाही. साधा २० चा डोस दिला गेला असेल, तर तुमचा प्रश्न तिथेच सुटला. पूर्ण डोस घेऊनही शेवटच्या सुईनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटिबॉडीची पातळी १० च्या खाली असेल, तर दुसरी पूर्ण मालिका घ्यायची, आणि बऱ्याच जणांना ती लागू पडते. त्यानंतर दरवर्षी पातळी मोजायची, १० च्या खाली घसरली की एक बूस्टर. फ्लूची लस दरवर्षी आणि न्युमोकॉकसची डॉक्टर सांगतील त्या क्रमाने घ्या. लस कमी चालते म्हणून ती घेऊच नये, हा हिशेब मला कधीच पटलेला नाही. ज्याची पेशी उशिरा पोचते त्याला तर आधी सूचना मिळण्याची गरज जास्त.

प्रश्न : आईचा किडनीविकार चौथ्या टप्प्यात आहे. 'इम्युनिटी बूस्टर' गोळ्या सुरू करू का? नैसर्गिक आहेत, अपाय नाही असं लिहिलंय.

उत्तर : नका करू. तिच्या पेशींची अडचण मघाशी वाचलीच असेल, कुठल्याही गोळीने रॅप-१ ची कळ दाबली जात नाही. उलट अ जीवनसत्त्व किडनीविकारात मुळातच साठतं, आणि अशा मिश्रणांत ते बहुधा असतंच. पोटॅशियम किती आहे ते पाकिटावर बरेचदा नसतं. 'नैसर्गिक' या शब्दाबद्दल म्हणाल, तर बेल्जियममध्ये १९९० च्या दशकात वजन कमी करण्याच्या वनस्पतीजन्य गोळ्यांमध्ये अ‍ॅरिस्टोलोकिया ही वनस्पती गेली आणि कितीतरी तरुण बायकांच्या किडन्या कायमच्या गेल्या, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. तीही नैसर्गिकच होती. आईला दात तपासून घ्यायला न्या, हिरड्यांतला जुना संसर्ग या रुग्णांत हमखास दुर्लक्षित राहतो. मधुमेह असेल तर रोज रात्री तिचे तळपाय बघा. चौथ्या टप्प्यातच फिस्टुलाची चर्चा करून ठेवा, म्हणजे पुढे डायलिसिस लागलंच तर मानेत नळी घालायची वेळ येणार नाही. आणि ज्या हातात फिस्टुला करायची, त्या हातातून आजपासून रक्त काढू देऊ नका.